खोका उघडून संगणक समजून घेणे : कोकण किनाऱ्यावरील घरांसाठी मार्गदर्शक

कोकणात संगणक बिघडला की पहिला संशय ‘व्हायरस’वर घेतला जातो आणि दुसरा यंत्राच्या वयावर. खारा वारा, चार महिन्यांची ओल आणि घटकेत येणारी-जाणारी वीज यांची चौकशी सहसा कुणी करत नाही. या लेखात डेस्कटॉप संगणकाचा खोका उघडून आतला प्रत्येक भाग काय करतो ते क्रमाने पाहायचे आहे, बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत आणि ते डिस्कवर कायम होईपर्यंत आत काय घडते ते समजून घ्यायचे आहे, आणि त्या आधारे किनाऱ्यावरच्या हवेत यंत्र कसे जपायचे ते ठरवायचे आहे. लॅपटॉपमध्येही हेच भाग असतात. मात्र ते दाटीवाटीने बसवलेले आणि काही वेळा बोर्डावर कायमचे जोडलेले असल्यामुळे लॅपटॉप घरी उघडू नये, असे माझे मत आहे.

संगणक नेमके काय करतो

बाहेरून आलेली माहिती आकड्यांत बदलून घेणारे, आधीच साठवून ठेवलेल्या सूचनांच्या क्रमाने त्या आकड्यांवर क्रिया करणारे आणि निकाल माणसाला कळेल अशा रूपात बाहेर देणारे यंत्र म्हणजे संगणक. या व्याख्येतले महत्त्वाचे शब्द ‘साठवून ठेवलेल्या सूचना’ हे आहेत. साधे कॅल्क्युलेटरही बेरीज-गुणाकार करते, पण प्रत्येक पायरीला कळ माणसालाच दाबावी लागते. १९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिअ‍ॅक या अवाढव्य यंत्राला वेगळे काम द्यायचे असले की तारा उपसून नव्याने जोडाव्या लागत. सूचनाही आकड्यांच्याच रूपात, माहितीच्या शेजारी, एकाच स्मृतीत ठेवाव्यात ही कल्पना गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या टिपणामुळे सर्वत्र पोहोचली, आणि आजचा प्रत्येक संगणक, खिशातला मोबाइलसुद्धा, तिच्यावरच चालतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागला तेव्हा त्यात बल्बसारख्या काचेच्या सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे सगळी मिळून दहा किलोबाइट. आज सकाळी सकाळी मोबाइलवर येऊन पडणारे ‘सुप्रभात’चे एक चित्र त्याहून कितीतरी मोठे असते.

संगणकाच्या आत आकडे म्हणजे विजेच्या दोन पातळ्या असतात. ठरलेल्या मर्यादेच्या वर दाब असला तर एक, खाली असला तर शून्य. अशा एका खुणेला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. इथे ‘थोडे कमी’ असे काही नसते. एखाद्या जोडावर गंज चढून पातळी नीट ओळखू आली नाही, तर एकाचा शून्य होतो आणि त्या ठिकाणी रकमेऐवजी भलतीच रक्कम किंवा सूचनेऐवजी भलतीच सूचना वाचली जाते. यंत्र मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडते त्यामागे अनेकदा असे काहीतरी असते. चिप काळ्या रेझिनमध्ये बंद असल्यामुळे खाऱ्या हवेपासून बऱ्याच सुरक्षित असतात. उघडे असतात ते धातूला धातू टेकणारे जोड, आणि वीज आत शिरण्याची जागा. किनाऱ्यावर संगणक सांभाळणे म्हणजे मुख्यतः या दोन ठिकाणांकडे लक्ष ठेवणे, हे पुढच्या प्रत्येक पायरीत दिसेल.

उघडण्यापूर्वी

वॉरंटी चालू असेल तर आधी तिच्या अटी वाचाव्यात. त्यानंतर संगणक रीतसर बंद करावा, भिंतीवरचे बटण बंद करून वायर प्लगमधून काढावी, आणि मग खोक्यावरचे सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. टेबल कोरडे असावे. कोणतीही तार काढण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढावेत. जोडणी परत करताना त्या फोटोंइतका उपयोग कशाचाच होत नाही. डाव्या बाजूच्या पत्र्याचे मागचे दोन स्क्रू काढले की पत्रा मागे सरकून निघतो. आत हात घालण्यापूर्वी खोक्याच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा, कारण अंगावरची स्थितिक वीज आपल्याला जाणवतही नाही इतकी थोडी असली तरी चिपला पुरेशी असते. पावसाळ्यातल्या दमट हवेत हा धोका कमी असतो. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की वाढतो.

खोक्याच्या मागच्या कोपऱ्यात पंखा असलेला लोखंडी डबा दिसेल, तो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग. तो डबा मात्र घरी उघडायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरांवर, म्हणजे विजेचा भार साठवून ठेवणाऱ्या भागांवर, सवातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

विजेचा रस्ता

भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते आणि ती सेकंदाला ५० आवर्तने करते. संगणकातल्या भागांना लागते ती एकाच दिशेने वाहणारी, १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज. हे रूपांतर एसएमपीएस करतो आणि तिथून निघालेल्या तारांचा जाड जुडगा २४ पिनांच्या रुंद जोडाने मदरबोर्डला मिळतो. प्रोसेसरसाठी चार किंवा आठ पिनांचा वेगळा जोड असतो. हे दोन्ही जोड खिटीसह पक्के बसलेले आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.

बंद केलेला संगणक खरे तर पुरता बंद नसतो. भिंतीवरचे बटण चालू आहे तोवर एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टची बारीक वीज पुरवत राहतो, आणि खोक्यावरचे बटण दाबणे म्हणजे मदरबोर्डला ‘मुख्य वीज मागव’ असा इशारा देणे एवढेच असते. वळिवाच्या दिवसांत ‘संगणक बंदच होता, तरी विजेने गेला’ असे ऐकू येते त्याचे कारण हेच आहे. यंत्र बंद असले तरी तार जोडलेली होती.

मदरबोर्डवर काय काय आहे

खोक्याच्या एका बाजूला उभा बसवलेला मोठा हिरवा किंवा काळा बोर्ड म्हणजे मदरबोर्ड. त्यावरच्या बारीक तांब्याच्या रेघा म्हणजे सगळ्या भागांना जोडणारे रस्ते. पंख्याखाली दडलेला, सूचनांप्रमाणे आकड्यांवर क्रिया करणारा चौकोनी भाग म्हणजे प्रोसेसर, म्हणजेच सीपीयू. आपल्याकडे अख्ख्या खोक्यालाच सीपीयू म्हणण्याची पद्धत असल्यामुळे दुकानदाराशी फोनवर बोलताना कोणता अर्थ घ्यायचा हे आधी स्पष्ट करून घेतलेले बरे. प्रोसेसरवरचा पंखा विनाकारण काढू नये. त्याच्या खाली उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा पातळ थर असतो आणि पंखा एकदा उचलला की तो थर नव्याने लावावा लागतो. धूळ काढायची असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने काढावी.

प्रोसेसरच्या शेजारी उभ्या खाचांत बसवलेल्या लांबट पट्ट्या म्हणजे रॅम, म्हणजेच चालू काम ठेवण्याची तात्पुरती स्मृती. ८ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ८५९ कोटी बाइट मावतात. त्यातला प्रत्येक बिट हा अतिसूक्ष्म कपॅसिटरवरचा विजेचा भार असतो आणि तो भार सतत गळत असल्यामुळे साधारण ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की ही उजळणी थांबते आणि रॅममधले सारे पुसले जाते. वीज गेल्यावर लिहिलेले का गेले, या तक्रारीचे मूळ इथे आहे.

कायमचा साठा डिस्कवर असतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. म्हणून चालू हार्ड डिस्कला धक्का लागता कामा नये. नव्या एसएसडीमध्ये हलणारे काहीच नसते, तिथे विद्युतभार निरोधक थराआड अडकवून ठेवलेला असतो. जुन्या संगणकावर पैसे खर्च करायचे असतील तर माझ्या मते आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घ्यावी आणि मग रॅमचा विचार करावा. पुढच्या काही आकड्यांवरून त्याचे कारण कळेल.

तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके देतो. त्यातला एक ठोका एक सेकंदाचा आहे असे धरले, तर रॅममधून एखादी गोष्ट आणायला प्रोसेसरला पाच मिनिटे थांबावे लागते, एसएसडीमधून आणायला साडेतीन दिवस, आणि फिरत्या हार्ड डिस्कमधून आणायला जवळजवळ वर्ष. त्यामुळे संगणक ‘स्लो’ झाला असे आपण म्हणतो तेव्हा प्रोसेसर बहुतेक वेळ डिस्कची वाट पाहत बसलेला असतो. ही वाट कमी व्हावी म्हणून प्रोसेसरच्या पोटातच कॅश नावाची लहान पण फार वेगवान स्मृती ठेवलेली असते आणि नुकतीच लागलेली माहिती तिथे हाताशी राहते.

बटण दाबल्यावर काय घडते

हा क्रम नीट ध्यानात ठेवावा, कारण यंत्र कोणत्या पायरीवर अडले हे कळले की कोणता भाग पाहायचा हेही कळते.

बटण दाबल्याचा इशारा मिळताच एसएमपीएस मुख्य वीज सोडतो आणि सर्व दाब स्थिर झाल्यावर मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा संकेत पाठवतो. तो संकेत येईपर्यंत प्रोसेसरला थोपवून धरलेले असते. पंखा अजिबात फिरला नाही, दिवा लागला नाही, तर अडचण याच पायरीवर आहे. भिंतीवरचा प्लग, वायर, एसएमपीएसच्या मागचे छोटे बटण आणि २४ पिनांचा जोड हे याच क्रमाने तपासावेत. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट होत असण्याचा संभव मोठा. पाल किंवा मुंग्या आत गेल्या आहेत का ते टॉर्च लावून पाहावे. हे हसण्यावारी नेऊ नये, उबदार खोका पावसाळ्यात त्यांना फार आवडतो.

संकेत मिळाल्यावर प्रोसेसर पहिली सूचना मदरबोर्डवरच्या एका लहान फ्लॅश चिपमधून उचलतो. तिथे साठवलेल्या प्रोग्रॅमला बायोस किंवा त्याच्या नव्या अवताराला यूईएफआय म्हणतात. तो सर्वांत आधी रॅम शोधतो आणि वापरण्याजोगी करतो, मग कळफलक, डिस्क, पडदा यांची हजेरी घेतो. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, किंवा बीप-बीप असा आवाज येत राहतो, तेव्हा पहिला संशय रॅमच्या जोडावर घ्यावा.

रॅमची पट्टी काढण्यासाठी खाचेच्या टोकांच्या खिट्या बाहेर दाबाव्यात. काही बोर्डांवर खिटी एकाच टोकाला असते. पट्टी कडांना धरून सरळ वर उचलावी आणि खालच्या सोनेरी पट्ट्यांकडे उजेडात तिरके पाहावे. किनाऱ्यालगतच्या घरांत त्यांच्यावर मळकट, क्वचित हिरवट डाग दिसतात. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो; त्यात बारीक छिद्रे असली की खालचा धातू ओलसर मिठाला लागून गंजतो आणि तो गंज वर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन पट्टीच्या दोन्ही बाजू पुसाव्यात. ते नसेल तर शाळेतल्या मऊ, पांढऱ्या खोडरबराने अगदी हलक्या हाताने घासावे आणि कणन्‌कण झटकून काढावा, पण ही सवय लावू नये, कारण प्रत्येक घासण्याबरोबर मुलामाही थोडा जातो. पट्टीची खाच आणि सॉकेटमधला उंचवटा जुळवून, दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर देऊन पट्टी दाबावी. खिट्यांचा ‘टक्’ असा आवाज झाला म्हणजे ती बसली. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावे.

बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी गोल बॅटरी म्हणजे ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल. यंत्राचे घड्याळ तिच्यावर चालते. दर वेळी तारीख मागच्या कुठल्यातरी सालावर जात असेल तर हा सेल बदलावा. काम किरकोळ असले तरी तारीख चुकली की बँकेची किंवा सातबाऱ्याची वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही आणि दोष उगाच इंटरनेटला दिला जातो.

हजेरी संपली की बायोस डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे विंडोजसारख्या सगळे यंत्र चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमचा, गाभा रॅममध्ये आणतो आणि कारभार तिच्या हाती देतो. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा मजकूर दिसला तर डिस्कच्या दोन्ही तारा, विजेची आणि माहितीची, काढून परत घट्ट लावाव्यात.

‘क’ या अक्षराचा प्रवास

कळफलकाच्या खाली तारांची आडवी-उभी जाळी असते आणि कळफलकातली लहानशी चिप ती जाळी सतत तपासत असते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी निवडलेली असली आणि इंग्रजी ‘के’ची कळ दाबली, की ती चिप यूएसबीच्या तारेवरून फक्त १४ हा आकडा पाठवते. कळफलकाला मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. १४ क्रमांकाच्या कळेचा अर्थ ‘क’ घ्यायचा हे ऑपरेटिंग सिस्टिम निवडलेल्या मांडणीवरून ठरवते आणि युनिकोड या जागतिक तक्त्यातला ‘क’चा क्रमांक, २३२५, तिथे मांडते. फाइलमध्ये लिहिताना यूटीएफ-८ या पद्धतीने त्याचे तीन बाइट होतात: १११००००० १०१००१०० १००१०१०१. ‘रत्नागिरी’ हा शब्द लिहायला र, त, हलन्त, न, काना, ग, पहिली वेलांटी, र आणि दुसरी वेलांटी असे नऊ क्रमांक लागतात, म्हणजे २७ बाइट. स्मृतीत ‘ग’ आधी आणि वेलांटी नंतर असते. ती ‘ग’च्या डावीकडे काढायची आणि ‘त्ना’ जोडून लिहायचे हे काम फॉन्ट व अक्षरे रेखाटणारा प्रोग्रॅम पडद्यावर करतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली कागदपत्रे दुसऱ्या यंत्रावर अगम्य इंग्रजी अक्षरांत उघडतात, कारण त्यांत मराठीचे क्रमांक नसतातच; इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार चढवलेले असतात.

पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा असेल तर त्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, प्रत्येकाला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, आणि हे सगळे चित्र सामान्यतः सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवले जाते. कळ दाबणे आणि अक्षर दिसणे यांतले अंतर जाणवत नाही ते त्यामुळे.

चाळीस पेट्यांचा हिशेब

हापूसच्या हिशेबाच्या तक्त्यात एका घरात ४० पेट्या, शेजारच्या घरात पेटीमागे २,५०० रुपये भाव, आणि तिसऱ्या घरात दोन्हींचा गुणाकार मागितला आहे असे समजावे. प्रोसेसरच्या दृष्टीने हे काम साधारण चार सूचनांचे आहे: पहिला आकडा रॅममधून माझ्याजवळच्या एका कप्प्यात आण, दुसरा दुसऱ्या कप्प्यात आण, दोन्हींचा गुणाकार कर, आलेले १,००,००० रॅममधल्या अमुक पत्त्यावर ठेव. प्रत्येक सूचनेसाठी तो त्याच तीन गोष्टी करतो, म्हणजे सूचना उचलतो, तिचा अर्थ लावतो आणि ती पार पाडतो. मग पुढची सूचना. व्हिडिओ, खेळ, नकाशे, आणि माणसाशी बोलल्यासारखी उत्तरे देणारे प्रोग्रॅमसुद्धा अशाच बारक्या सूचनांच्या अफाट रांगा असतात. गुणाकाराला तीन-चार ठोके पुरतात, आकडे आणण्यात जो वेळ जातो तोच मोठा असतो.

ही लाखाची रक्कम पडद्यावर दिसू लागली तरी अजून ती फक्त रॅममध्ये आहे. ‘सेव्ह’ केल्यावर ती डिस्ककडे निघते, आणि तेव्हाही ऑपरेटिंग सिस्टिम वेग राखण्यासाठी काही मजकूर थोडा वेळ रॅममध्येच धरून ठेवू शकते. म्हणून सेव्ह केल्या केल्या भिंतीवरचे बटण दाबू नये आणि पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपटू नये.

खारी हवा आणि ओल

समुद्राच्या फेसातून उडालेले मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर घरात येतात आणि पंखा त्यांना खोक्यात ओढून घेतो. कोरड्या हवेत हे मीठ निरुपद्रवी असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतः विरघळते आणि बोर्डावर वीज वाहू देणाऱ्या खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर तयार होतो. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ या मर्यादेच्या वरच असते.

यावरचा उपाय यंत्र कपाटात ठेवणे हा नसून रोज चालवणे हा आहे, आणि त्याचे गणित सोपे आहे. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना खोक्यातली हवा ३८ अंशांपर्यंत तापली, तर त्याच हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे मीठ विरघळण्याच्या मर्यादेच्या बरीच खाली. त्यामुळे पावसाळ्यात काम नसले तरी दिवसातून तासभर संगणक चालू ठेवावा. मुंबईकर मंडळींच्या गावच्या बंद घरात शिमग्यापासून गणपतीपर्यंत नुसते पडून राहणारे यंत्र रोज राबणाऱ्या यंत्रापेक्षा लवकर कुरकुरू लागते ते याच कारणाने. असे घर बंद करताना खोका कोरड्या दिवशी सिलिका जेलच्या पुड्यांसह जाड प्लास्टिक पिशवीत हवाबंद करावा. रोजच्या वापरात मात्र प्लास्टिकचे आवरण घालू नये, ते ओल कोंडते. यंत्र थंड झाल्यावर सुती कापड टाकणे बरे.

जागा निवडताना समुद्राकडे उघडणारी खिडकी आणि पागोळ्यांचे तुषार येणारी पडवी टाळावी. जांभ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल चढते, म्हणून भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून हातभर अंतर ठेवावे. मागच्या रिकाम्या खाचांवरचे पत्रे हरवले असतील तर तिथे बारीक जाळी लावावी. एसी लावलेल्या खोलीतून किंवा एसी गाडीतून आणलेले थंड यंत्र दमट हवेत लगेच सुरू करू नये, त्यावर आतून-बाहेरून दव धरते. खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि दिवाळीनंतर, खोका उघडून धूळ काढावी, कारण धूळ मीठ आणि ओल दोन्ही धरून ठेवते.

अर्थिंग, यूपीएस आणि गडगडाट

खोक्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते अर्थिंग नसल्याचे लक्षण आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि पत्रा, न्यूट्रल आणि पत्रा यांच्यामध्ये गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग असले तर त्यांतला सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो, नसले तर पत्र्यावर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात, पण विजेचे अचानक उसळणारे झटके अडवणाऱ्या स्पाइक गार्डचे बरेचसे काम अर्थिंगवाचून होत नाही, आणि खरा बिघाड झाला तर तोच पत्रा जीवघेणा ठरू शकतो. वायरमनकडून तिन्ही जोड्या मोजून घ्याव्यात: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांत जवळपास सारखा दाब आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट दिसले पाहिजेत. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा विरोध वाढतो, म्हणून त्या दोन महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवण्याची चाल तर सोडूनच द्यावी.

वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरांवर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो आणि संगणक चालू राहतो. साध्या मोडवर बदलाला त्याहून जास्त वेळ लागतो आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवरून वीज देणारा डबा, घ्यावा. साध्या कामाच्या संगणकाला तो दहा-पंधरा मिनिटे मिळवून देतो आणि ती काम सेव्ह करून यंत्र बंद करण्यासाठी आहेत, काम चालू ठेवण्यासाठी नव्हेत. त्यावर लेझर प्रिंटर कधीही लावू नये, कारण कागदावर शाई भाजताना तो क्षणात यूपीएसच्या क्षमतेपलीकडे वीज ओढतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. नेमकी वीज गेल्यावरच हे कळू नये म्हणून दर महिन्याला सगळे सेव्ह करून भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे.

मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस हे दोन काळ विजांचे. गडगडाट ऐकू येताच संगणकाचा, पडद्याचा आणि राउटरचा प्लग भिंतीतून काढावा आणि संगणकाला येणारी लॅनची तारही काढावी. फायबरची काच वीज वाहत नाही, पण राउटरचा ॲडाप्टर आणि लॅनची तांब्याची तार वाहते.

प्रती आणि पाण्यात गेलेले यंत्र

भाग नवे मिळतात. बागेचे दहा वर्षांचे हिशेब, होमस्टेच्या नोंदी आणि घरातल्या लग्नाचे फोटो मिळत नाहीत. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. तिसरी दूर असण्याचे महत्त्व ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर यांनी पुरेसे दाखवून दिले आहे. वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले तेव्हा संगणक आणि त्याच खणात ठेवलेली डिस्क दोन्ही एकदमच भिजली. पेनड्राइव्ह ने-आण करण्यासाठी ठीक आहे, वर्षानुवर्षे साठवणीसाठी नाही, कारण त्यातला अडकवलेला भार वापराविना हळूहळू गळतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रतीतली एखादी फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

यंत्र पाण्यात गेलेच तर ते सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. घराचा मुख्य स्विच बंद केल्यावरच प्लगला हात लावावा, पंचनाम्यासाठी आणि विम्यासाठी फोटो काढावेत, आणि खोका उघडून सर्वांत आधी तो गोल सेल काढावा, कारण ओल्या बोर्डावर तोही गंज वाढवत राहतो. हार्ड डिस्क धुऊ नये, उन्हात किंवा तांदळात ठेवू नये. चिखल आत वाळला की तबकडीला चिकटतो. ती ओलसर अवस्थेतच बंद पिशवीत घालून डेटा परत मिळवून देणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्यावी. मदरबोर्ड आणि रॅम स्वच्छ पाण्याने खार आणि गाळ जाईपर्यंत हलकेच धुऊन, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून, पंख्याखाली काही दिवस पूर्ण वाळवले तर ते पुन्हा चालण्याची आशा असते. एसएमपीएस मात्र वाळला तरी पुन्हा विजेला जोडू नये. तो नवाच घ्यावा.